चावी ओळखणारी गाडी

रात्री अकरानंतर वाशी, नेरूळ, कोपरखैरणे किंवा घणसोलीच्या आतल्या सेक्टरांतून एक चक्कर मारली, तर रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारींची सलग रांग दिसते. सिडकोच्या सुरुवातीच्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा मोटार ही मोजक्या घरांतली वस्तू होती. आज एकेका घरात दोन गाड्या आहेत आणि सोसायटीच्या आवारात एकीलाही जागा नाही. त्यामुळे आठ-दहा लाखांची वस्तू रात्रभर उघड्यावर, बहुतेक वेळा कुणाच्याही राखणीशिवाय उभी असते. त्यात नवी मुंबईतून बाहेर पडणं फार सोपं आहे. सायन-पनवेल महामार्ग, ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोलीहून सुटणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग, पळस्प्याहून गोव्याकडे जाणारा रस्ता आणि जानेवारी 2024 पासून अटल सेतू. मध्यरात्री हललेली गाडी उजाडायच्या आत दोन जिल्हे ओलांडू शकते.

तरीही सकाळी यातल्या बहुतेक सगळ्या गाड्या जागेवर असतात. याचं श्रेय दारांच्या कुलपांना फारसं नाही आणि काच वाजली की कोकलणाऱ्या अलार्मला तर त्याहून कमी आहे. ते जातं चावीच्या प्लास्टिकमध्ये बसवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपला आणि तिची ओळख पटल्याशिवाय इंजिनाला पेट्रोल न देणाऱ्या संगणकाला. या जोडगोळीचं नाव इमोबिलायझर. गाडी विकत घेताना माहितीपत्रकात हा शब्द एका ओळीत येतो आणि जातो. तो काय करतो, कुठे कमी पडतो आणि त्याच्या भरवशावर किती राहायचं, हे सेल्समन सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. बटण दाबून दारं उघडणारा रिमोट, धक्का लागला की वाजणारा अलार्म आणि इमोबिलायझर या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात सगळ्याला मिळून ‘सेन्सरची चावी’ म्हणतात, म्हणून त्या एकच वाटतात. रिमोटला बॅटरी लागते आणि त्याचं काम दारांपुरतं असतं. अलार्मचं काम आवाज करणं. रात्री दोन वाजता वाजणाऱ्या अलार्मकडे शेजारी किती लक्ष देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. इमोबिलायझर आवाज करत नाही, दारही अडवत नाही. चोर काच फोडून आत बसला, स्टिअरिंगचं कुलूप तोडलं, इग्निशनचा स्विच उपटून तारा जोडल्या, तरी इंजिन चालू होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

जुन्या पद्मिनीत किंवा सुरुवातीच्या मारुती 800 मध्ये चावी म्हणजे निव्वळ एक विजेचा खटका होता. चावी फिरली की बॅटरीचा प्रवाह इग्निशन कॉइलला आणि स्टार्टरला मिळायचा. तोच प्रवाह डॅशबोर्डखालच्या दोन तारा एकत्र करून देता येत असे, आणि जाणत्या हाताला त्यासाठी दोन मिनिटंही पुरत. हा खटका चोराच्या हाती लागू नये, यासाठीची धडपड मोटारीइतकीच जुनी आहे. 1919 मध्येच अमेरिकेत गाडी विजेने अडवून ठेवणाऱ्या एका उपकरणाचं पेटंट घेतलं गेलं होतं. पण कारखान्यातून गाडीसोबत येणारी आणि सामान्य ग्राहकाच्या हाती पडणारी यंत्रणा आली ती 1980 च्या दशकाच्या मध्यावर, जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेटमध्ये. तिच्या चावीच्या पात्यात एक छोटा रोधक बसवलेला असे. गाडी त्याचा रोध मोजायची आणि तो ठरलेल्या आकड्याशी जुळला तरच स्टार्टर फिरू द्यायची. मात्र असे आकडे अवघे 15 होते. पंधरा चाव्यांचा जुडगा आणि थोडा धीर असलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. तरी त्यातली कल्पना पक्की होती: धातूच्या दात्यांचा आकार पुरेसा नाही, चावीने आपण कोण हेही सांगितलं पाहिजे.

आजच्या गाडीत हे सांगणं कसं होतं? तुम्ही चावी खोबणीत घालून ‘ऑन’ला आणता. खोबणीच्या भोवती बारीक तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. गाडी त्या वेटोळ्यातून बहुधा 125 किलोहर्ट्झचा प्रवाह सोडते, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि चावीतल्या चिपभोवतीच्या इवल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. चिपला स्वतःची बॅटरी नाही. ती त्या क्षणापुरती गाडीच्याच विजेवर जागी होते आणि म्हणूनच वीस वर्षांनीही तशीच काम करते. जागी झाल्यावर ती आधी आपला क्रमांक सांगते. अगदी सुरुवातीच्या यंत्रणा इथेच थांबत असत: क्रमांक जुळला की गाडी चालू. पण हा क्रमांक दर वेळी तोच असल्यामुळे एकदा ऐकला की कायमचा नक्कल करता येई.

म्हणून पुढच्या पिढीत खरी युक्ती आली. गाडी एक आकडा मनाला येईल तसा निवडते आणि चावीकडे पाठवते. चावीत एक गुप्त किल्ली साठवलेली असते. ही किल्लीही एक मोठा आकडाच, पण तो कधीच बाहेर पडत नाही. आलेला आकडा आणि ही गुप्त किल्ली यांच्यावर ठरलेलं गणित करून चावी उत्तर पाठवते. गाडीकडेही तीच गुप्त किल्ली असते, म्हणून ती तेच गणित स्वतः करून बघते. दोन्ही उत्तरं जुळली तर इमोबिलायझर इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे गॅरेजवाले ज्याला ईसीएम म्हणतात त्याला, हिरवा कंदील देतो. पुढच्या वेळी प्रश्नाचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे कालचं उत्तर चोरून ऐकलेल्याला आज त्याचा काही उपयोग नाही. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं. तुम्हाला दिसतो तो फक्त डॅशबोर्डवरचा किल्लीचा किंवा कुलपाचा लहानसा दिवा, जो क्षणभर लागतो आणि विझतो.

उत्तर जुळलं नाही तर तो दिवा लुकलुकत राहतो. काही गाड्यांत स्टार्टर फिरतच नाही. काहींत इंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं, कारण संगणकाने इंजेक्टरना पेट्रोल सोडणं थांबवलेलं असतं. विजेच्या गाडीत इग्निशन नसतं, तिथे हीच यंत्रणा मोटरला वीज देणारं नियंत्रण अडवते. गॅरेजमध्ये अशी गाडी आली की मेकॅनिक म्हणतो, ‘चावी वाचत नाही.’ पुष्कळदा चूक साधी असते: वेटोळ्याची तार सैल झालेली असते, जोडणीत पाणी शिरून गंज धरलेला असतो, किंवा मालकाने दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवलेल्या असतात आणि दोन्ही चिपा एकदम बोलू लागतात. जुडगा सोडवून एकच चावी घातली की गाडी निमूट चालू होते.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांत हेच गणित थोड्या अंतरावरून चालतं. तुम्ही दाराजवळ आलात की गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर हाक मारते, ती मीटर-दीड मीटरच्या पलीकडे जात नाही. खिशातली चावी जागी होऊन जास्त फ्रिक्वेन्सीवर उत्तर देते. चावी जवळ असल्याशिवाय हाक ऐकू येणार नाही, या गृहीतावर सगळी सोय उभी आहे. हे गृहीत किती कच्चं आहे, ते पुढे येईलच. चावीतली बॅटरी संपली तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच गाड्यांत ती चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरली की जुनी, बिनबॅटरीची चिप कामाला येते आणि गाडी चालू होते. ही युक्ती गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. द्रुतगती मार्गावर फूड मॉलबाहेर अडकलेल्या कितीजणांनी ते पान उघडलेलं असेल, याबद्दल मला शंका आहे.

ही यंत्रणा खरोखर चोऱ्या रोखते का, या प्रश्नाचं उत्तर युरोपातून स्पष्ट मिळतं. तिथे 1995 च्या निर्देशानंतर नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. जर्मनीत जानेवारी 1998 पासून, ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरपासून. नेदरलँड्समधल्या गाड्यांच्या चोरीच्या नोंदी तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1995 ते 2008 या काळाचा हिशेब मांडला. चोर इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळले, हे धरूनही एकूण चोरीचं प्रमाण साधारण 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान घटल्याचं त्यांना आढळलं. कॅनडाने 2007 मध्ये ही सक्ती केली.

अमेरिकेने मात्र ती केली नाही आणि त्याची किंमत मोजली. तिथे विकल्या गेलेल्या 2015 च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांमध्ये इमोबिलायझर मूळचाच होता, तर ह्युंदाई आणि किआच्या केवळ 26 टक्के गाड्यांमध्ये. याच कंपन्यांच्या युरोपात आणि कॅनडात विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये तो होता, कारण तिथे कायदा होता. 2021 च्या सुमारास मिलवॉकी शहरातल्या पोरांच्या हे लक्षात आलं. स्टिअरिंगचं आवरण काढून, इग्निशनचा भाग उपटून, उरलेली कळ साध्या यूएसबी केबलच्या टोकाने फिरवता येत होती. त्याचे व्हिडिओ पसरले आणि देशभर या गाड्या उचलल्या जाऊ लागल्या. काही विमा कंपन्यांनी काही भागांत त्या मॉडेलांचा विमा देणंच थांबवलं. एका गाडीमागे वाचवलेल्या थोड्या डॉलरांतून हे ओढवलं. सुरक्षेची वस्तू महागड्या मॉडेलपुरती ठेवायची आणि स्वस्त मॉडेल घेणाऱ्याला उघडं सोडायचं, या हिशेबाविरुद्ध याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आपल्याकडे मारुतीने ही यंत्रणा ‘आयकॅट्स’ या नावाने आणली आणि हळूहळू ती बहुतेक मोटारींमध्ये रुळली. विम्याच्या जुन्या दरपत्रकात चोरीरोधक उपकरणासाठी सवलत आहे: उपकरण पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं हवं, आणि मग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये. एवढ्या सवलतीसाठी कुणी उपकरण बसवून घेईल, असं मला वाटत नाही.

आता यंत्रणेतल्या भेगांकडे वळू. पहिली भेग गणिताची. ज्या गुप्त किल्लीवर सगळं उभं, ती किती लांब असावी हे 1990 च्या दशकातल्या कंपन्यांनी त्या काळच्या संगणकांकडे बघून ठरवलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका गाजलेल्या चिपची किल्ली 40 बिटांची होती. म्हणजे साधारण एक लाख दहा हजार कोटी शक्यता. ऐकायला आकडा प्रचंड आहे. पण 2005 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज इथल्या संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या 16 चिपांची जुळणी करून अशी किल्ली तासाभराच्या आत शोधली आणि फोर्डची एक गाडी नकली चावीने चालू करून दाखवली. 2012 मध्ये हिटॅग-2 या, जगभर वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या चिपची पाळी आली. तिला सहा मिनिटं पुरली. तिसरी मेगामॉस. ती फोक्सवॅगन, ऑडी, फियाट, होंडा, व्हॉल्वो अशा अनेक कंपन्यांच्या शंभराहून अधिक मॉडेलांत होती. तिचं गणित मोडल्याचा निबंध 2013 मध्ये वाचला जाणार होता, पण फोक्सवॅगन ब्रिटनच्या उच्च न्यायालयात गेली आणि तिने मनाई मिळवली. निबंध अखेर 2015 मध्ये, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. मधली दोन वर्षं त्या गाड्या रस्त्यावरच होत्या आणि त्यांच्या मालकांना काहीच सांगितलं गेलं नाही.

या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. गणिताची पद्धतच गुप्त ठेवली की यंत्रणा सुरक्षित राहते, असं कंपन्यांनी मानलं. केर्कहॉफ्स या डच भाषाशास्त्रज्ञाने 1883 मध्येच लिहून ठेवलं होतं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, लपवायची ती फक्त किल्ली. बँकांनी आणि लष्करांनी हे मानलं, मोटार उद्योगाने ते फार उशिरा मानलं. आजच्या नव्या गाड्यांत एईएस ही जगजाहीर, हजारो डोळ्यांनी तपासलेली आणि 128 बिटांची पद्धत येते आहे. पण चांगली पद्धतही आळशी हाताने वापरली तर फुकट जाते. 2020 मध्ये बेल्जियम आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी टोयोटा, ह्युंदाई आणि किआच्या काही मॉडेलांच्या चाव्या तपासल्या. चिप 80 बिटांची होती, पण टोयोटाने गुप्त किल्ली चिपच्या अनुक्रमांकावरूनच बनवली होती, तर ह्युंदाई आणि किआच्या चाव्यांत प्रत्यक्षात बदलणारे बिट फक्त 24 होते. म्हणजे पावणेदोन कोटींहून कमी शक्यता. आजच्या साध्या लॅपटॉपला तेवढं सहज जमतं.

हे सगळं सांगितल्यावर लगेच हेही सांगायला हवं, की तुमच्या गल्लीतला गाडीचोर सहसा गणिताच्या वाटेला जात नाही. त्याला सोप्या वाटा आहेत.

सगळ्यात वापरातली वाट स्टिअरिंगच्या खाली असते: 16 पिनांचं निदान-सॉकेट, ओबीडी. मेकॅनिक स्कॅनर लावतो तेच. गाडीला नवी चावी शिकवायची सोय याच सॉकेटमधून दिलेली असते, कारण चावी हरवलेल्या मालकासाठी ती लागतेच. तीच सोय चोराच्याही कामी येते. चाव्या बनवणाऱ्यांसाठी विकली जाणारी टॅब्लेटसारखी यंत्रं त्याच्या हाती पडली आणि गाडीचं मॉडेल त्या यंत्राच्या यादीत असलं, की काच फोडून आत बसायचं, यंत्र जोडायचं आणि कोऱ्या चावीला गाडीची ओळख करून द्यायची. यात इमोबिलायझर मोडलेला नाही. त्याने नेमून दिलेलं काम चोख केलं, फक्त नवी चावी आपली आहे असं त्याला सांगितलं गेलं. याच कामाची दुसरी तऱ्हा म्हणजे आधीपासून जोडलेला ईसीएम, इमोबिलायझर आणि चावी असा संचच सोबत आणून बदलणं.

दुसरी वाट बटणवाल्या गाड्यांची. 2011 मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली. एकाने गाडीजवळ उभं राहायचं, दुसऱ्याने मालकाच्या जवळ, आणि दोघांनी गाडीची हाक फक्त पुढे पोहोचवायची. दहाही गाड्या उघडल्या आणि चालूही झाल्या. इथे गुप्त किल्ली कितीही लांब असली तरी फरक पडत नाही, कारण उत्तर खरीच चावी देते. ही चोरी ब्रिटनमध्ये आणि कॅनडात फार झाली. आपल्याकडे सातव्या मजल्यावरच्या चावीपर्यंत रस्त्यावरून पोहोचणं तितकं सोपं नाही, आणि उंच इमारतींची ही एक नकळत मिळालेली सुरक्षा म्हणायला हवी. पण नेरूळ-बेलापूरची बैठी घरं, खारघरचे रो-हाऊस, चार्ल्स कोरियांनी आखलेलं बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज अशा ठिकाणी गाडी दारात आणि चावी दाराशेजारच्या खिळ्याला असते. तिथल्या रहिवाशांनी चावी आतल्या खोलीत पत्र्याच्या डब्यात ठेवावी. डबा नीट बंद होत असेल तर तेवढं पुरतं. डबा लहरी अडवतो का हे पाहायचं असेल, तर चावीसकट डबा हातात धरून गाडीपाशी जा आणि दार उघडतं का बघा. अलीकडच्या काही चाव्या हलल्या नाहीत तर थोड्या वेळाने स्वतःहून झोपतात, आणि चावी किती दूर आहे ते लहरींच्या प्रवासाच्या वेळेवरून मोजणारं नवं तंत्रही महागड्या गाड्यांत आलं आहे. या दुखण्यावरचा खरा इलाज तोच.

तिसरी वाट आपण स्वतः उघडून देतो. ॲक्सेसरीच्या दुकानात रिमोट-स्टार्ट बसवून मिळतो: घरातून बटण दाबायचं आणि गाडी एसीसकट चालू. इमोबिलायझरला चकवायचं म्हणून काही ठिकाणी बसवणारा मालकाची दुसरी चावी मागून घेतो आणि तिची चिप डॅशबोर्डखाली, वेटोळ्याजवळ कायमची चिकटवून टाकतो. गाडीला मग कायम वाटतं, की चावी खोबणीत आहे. हजारो रुपये देऊन मालक आपल्या गाडीला पद्मिनीच्या काळात नेऊन ठेवतो, आणि त्याला कुणी ते सांगतही नाही. असं काही बसवलेलं असेल तर आजच काढून घ्या. त्याच पंक्तीत चावी निष्काळजीपणे देणं येतं. व्हॅले पार्किंगला, धुणाऱ्याला, ओळखीच्याही नसलेल्या गॅरेजला चावी दिली की तिची नक्कल काढायला फार वेळ लागत नाही. जुन्या चिपांची नक्कल स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडेही होते, आणि त्याचा व्यवसाय प्रामाणिक असला तरी समोरचा माणूस गाडीचा मालक आहे का, हे त्याने तपासलेलं नसतं.

गाडी नेल्यानंतर ती विकायचीही असते, आणि इथे इलेक्ट्रॉनिक्स संपून कागदपत्रं सुरू होतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबई-नवी मुंबईतल्या असंख्य गाड्या विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवल्या, आणि अपघातांमुळे अशा गाड्या रोजच निघतात. त्यांचा सांगाडा भंगारात जातो, पण आरसी बुक आणि चॅसिस क्रमांक शाबूत असतो. त्याच रंगाची, त्याच मॉडेलची चोरीची गाडी त्या क्रमांकावर चढवली की ती कागदावर निर्मळ होते. म्हणून जुनी गाडी घेताना वाहन पोर्टलवरची नोंद, इंजिनावरचा आणि चॅसिसवरचा क्रमांक स्वतः जुळवून पाहा, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) डिजिटल पोलीस पोर्टलवर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना हे तपासा, आणि दोन्ही मूळ चाव्या मागा. एकच चावी मिळाली, तर दुसरी कुणाकडे आहे हा प्रश्न तुमचा होतो. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर किती चाव्यांची नोंद आहे ते दिसतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्या जुन्या नोंदी पुसून हातातल्या दोनच चाव्या पुन्हा नोंदवून घेता येतात. गाडी घेतल्यावर टायर बदलण्याआधी हे करायला हवं.

दुसऱ्या चावीचं महत्त्व चोरीनंतर आणखी कळतं. दावा दाखल करताना विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसेल तर गाडीत चावी विसरलात, निष्काळजी होतात, अशी शंका घेतली जाते. तेव्हा चावी हरवली तर त्याच दिवशी पोलिसांत तशी नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी. आणि गाडी दिसेनाशी झाली की आधी तक्रार, मग बाकी सगळं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळण्याचे प्रकार पूर्वी सर्रास होत. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं, की पोलिसांत तातडीने तक्रार दिलेली असेल, तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही. हा निकाल माहीत असू द्या, पण त्याच्या भरवशावर उशीर करू नका.

इमोबिलायझरची दुसरी बाजूही मांडायला हवी. तो चोराला अडवतो तसा मालकालाही अडवतो. चावी हरवली की पूर्वी पन्नास रुपयांत काम व्हायचं. आज काही हजार, काही गाड्यांना त्याहून पुष्कळ जास्त, शिवाय आरसी, ओळखपत्र, तक्रारीची प्रत आणि आठवडाभराची वाट. दोन्ही चाव्या गेल्या तर काही मॉडेलांना संगणकाचा संचच बदलावा लागतो. ओळख पटवण्याची कागदपत्रं मागणं योग्यच आहे, त्यात सूट मिळू नये. पण चावीचं काम फक्त कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरने करायचं आणि दर त्यांनीच ठरवायचा, हे योग्य नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं आणि त्यात मोटारीही घेतल्या. चाव्या शिकवण्याचं काम परवानाधारक, पोलिसांकडे नोंद असलेल्या स्वतंत्र कारागिरांना रीतसर खुलं केलं, प्रत्येक वेळी कुणाच्या ओळखपत्रावर कुठली चावी शिकवली याची नोंद ठेवली, तर मालकाचा खर्च कमी होईल आणि टॅब्लेट घेऊन फिरणाऱ्या चोराला अंधारही कमी मिळेल. आज ती यंत्रं कुणीही विकत घेऊ शकतो, हे जास्त धोक्याचं आहे.

मोटारीला निदान हे कवच आहे. वाशी, नेरूळ, पनवेल स्टेशनांबाहेर सकाळी आठला लावलेल्या आणि रात्री आठपर्यंत एकट्या उभ्या असलेल्या दुचाकींना बहुतांशी तेही नाही. तिथे अजून हँडलचं कुलूप आणि इग्निशनच्या दोन तारा एवढंच आहे. हँडलचं कुलूप एका झटक्यात मोडतं, पुढचं काम पद्मिनीच्या काळातलंच. युरोपात कवच नसलेल्या जुन्या गाड्यांकडे चोर वळले होते, तसा आपल्याकडचा चोर दुचाकींकडे वळतो, यात आश्चर्य नाही. तंत्र काही परग्रहावरचं नाही: होंडाने जानेवारी 2023 मध्ये ॲक्टिव्हाचं स्मार्ट चावीचं मॉडेल आणलं, त्यात इमोबिलायझर आहे. पण तो महागड्या मॉडेलात आहे, सर्वांत स्वस्तात नाही. अमेरिकेतल्या किआचा हिशेब इथे पुन्हा दिसतो, आणि इथे तो सोसणारा माणूस विम्याचा फक्त थर्ड पार्टीचा हप्ता भरतो, म्हणजे गाडी गेली की त्याला एक पैसाही मिळत नाही.

जे मोटारीसाठी झालं ते दुचाकीसाठीही व्हायला हवं. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने सर्वांत स्वस्त मॉडेलपासून प्रत्येक नव्या दुचाकीला इमोबिलायझर सक्तीचा करावा आणि ज्या चिपांची गुप्तता मोडली आहे त्या नव्या गाड्यांत वापरायला बंदी घालावी. तोवर गाडी असणाऱ्या प्रत्येकाने निदान तीन गोष्टी करून ठेवाव्यात: दोन्ही चाव्या जागेवर आहेत का ते पाहावं, रस्त्यावर गाडी लावताना गिअरला किंवा स्टिअरिंगला एक दणकट बाहेरचं कुलूप घालावं, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाडीत किती चाव्यांची नोंद आहे, हे मेकॅनिकला न विसरता विचारावं.